अर्धं वाचलेलं कलम

कारखान्याचं धुराडं पेटलं की आमच्या सणसरकडं दोन हंगाम एकदमच सुरू होतात. एक उसाचा, तो सगळ्यांना माहीत आहे. दुसरा सैन्यभरतीचा. दिवाळीची पणती विझते न विझते तोच कालव्याच्या भरावावरून पोरं धावायला लागतात. उजाडायच्या आधी, अंगात नुसती बनियन, तोंडातून वाफा. पंधरा-वीस जणांची पावलं एका तालात पडत जवळ येतात, आमच्या परसामागून जातात आणि पुलाकडं विरतात. मी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकते. पूर्वी त्या पावलांच्या मागून एक शिट्टी यायची आणि एक करडा आवाज, "पाय उचला, पाय." आता पावलं आहेत, शिट्टी नाही. ती शिट्टी माझ्या चुलत्यांची, आप्पांची. आप्पा तुरुंगात आहेत, आणि त्यांना तिथं धाडण्यात माझाही हात आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं लपवाछपवी नको.

मी वकील आहे. इंदापूरच्या कोर्टात बावीस वर्षं काळा कोट घालते आहे. बांधाच्या भांडणापासून पोटगीपर्यंत सगळं केलं. लोकांना कायद्याची भाषा सोपी करून सांगते, अशी माझी ख्याती आहे. ती ऐकली की मला पूर्वी गुदगुल्या व्हायच्या. आता ऐकवत नाही.

आप्पा सुभेदार होऊन निवृत्त झाले. घरी आल्यावर त्यांनी ऊस केला आणि पोरं पळवली, दुसरं काही नाही. भरतीला जाणाऱ्या पोरांच्या तोंडी एकच शब्द असतो, 'सोळाशे'. सोळाशे मीटर. आप्पा गळ्यात स्टॉपवॉच अडकवून पुलाच्या कठड्याशी उभे राहायचे आणि प्रत्येकाचा वेळ वहीत लिहायचे. अक्षर असं, की छापल्यासारखं. भिजवलेल्या हरभऱ्यांचं पातेलं कठड्यावर असायचं. सोळाशे वेळेत मारलं तर एक मूठ, नाही मारलं तर दोन. चुलती म्हणायची, हा उलटा न्याय कुठला? आप्पा म्हणायचे, ज्याच्यात कमी आहे त्यालाच जास्त घालावं लागतं. त्या हरभऱ्याचा ओला वास, मागं पेटवलेल्या पाचटाचा धूर, कारखान्याकडून येणारा मळीचा आंबूस दर्प. हंगाम म्हटलं की मला हे तीन वास एकत्रच आठवतात.

आप्पांकडं बाराबोअरची बंदूक होती. परवाना पिकाच्या राखणीचा. रानडुकरं उसात घुसली की एका रात्रीत अर्धा एकर लोळवतात, म्हणून तो मिळालेला. तशीच रशीदचाचांकडंही होती. रशीदचाचा आप्पांच्याच पलटणीतले, नाईक म्हणून निवृत्त झालेले. स्टँडजवळ त्यांचं पंक्चरचं दुकान आहे. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. गावात इतरांच्या मागं पोलिसांना हेलपाटे घालावे लागायचे. हे दोघं मात्र नोटीस यायच्या आधीच बंदुकांना तेल देऊन, जुन्या चादरीत गुंडाळून, एकाच मोटारसायकलवरून ठाण्यात हजर. पोच घ्यायची, घडी घालून पाकिटात ठेवायची, मग बारामतीत मिसळ खाऊन परत यायचं. नियम पाळण्यात त्यांना खरोखर आनंद व्हायचा. असा माणूस कायद्याच्या कचाट्यात कसा सापडला, असं लोक मला विचारतात. मी विषय बदलते.

दोन वर्षांपूर्वी भरतीची पद्धत बदलली. धावणं झालेली, डॉक्टरी तपासणीत पास झालेली आणि लेखी परीक्षेची वाट बघत बसलेली पोरं एकदम लटकली. वयाची अट कुणासाठी थांबत नाही. बाहेरच्या राज्यांत भरतीच्या कार्यालयांवर दगड पडल्याचे, गाड्या जळाल्याचे व्हिडिओ पोरांच्या मोबाइलवर फिरत होते. त्यातच आमच्या रस्त्याला, एका रिकाम्या खताच्या गोदामात, भरतीचं तात्पुरतं कार्यालय उघडलं. दोन टेबलं, चार कारकून, एक सूचनाफलक आणि युरियाचा न जाणारा वास. पोलीस होते, पण येऊन जाऊन. माजी सैनिकांची बैठक बसली आणि ठरलं, आपलं हापिस आपण राखायचं. या इमारतीत आपल्या गावच्या पोरांचे कागद आहेत, उद्या जळाले तर पोरांचंच वाटोळं. हा विचार मला तेव्हाही पटला होता आणि आजही चुकीचा वाटत नाही.

एका सकाळी आप्पा आणि रशीदचाचा माझ्या ओसरीवरच्या टेबलाशी आले. मी कोर्टाला निघायच्या घाईत होते. आप्पांनी वही काढली, टोपण उघडलं आणि विचारलं, आम्हाला तिथं उभं राहायचा हक्क काय आहे ते सांग. मी पुस्तक उघडलं. खासगी बचावाचं कलम वाचून दाखवलं. कोणाही माणसाला स्वतःच्याच नव्हे, तर दुसऱ्याच्याही जिवाचा आणि मालमत्तेचा बचाव करता येतो, नासधूस करणाऱ्याला, बेकायदा घुसणाऱ्याला अडवता येतं. डोळ्यांदेखत मोठा गुन्हा करणाऱ्याला साधा नागरिकही पकडू शकतो, फक्त विनाविलंब पोलिसांच्या हवाली करायचं. मी छान समजावून सांगितलं. आप्पा लिहीत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसत होतं, ते मला फार आवडलं, हे कबूल करते. आयुष्यभर मला 'पोर' म्हणणारा माणूस माझ्या तोंडचा शब्द टिपून घेत होता.

त्याच्या पुढच्याच पानावर त्या हक्काच्या मर्यादा आहेत. पोलिसांना बोलवायला वेळ असेल तर हा हक्क नाही. जेवढी गरज तेवढाच बळाचा वापर, त्याहून तसूभर जास्त नाही. शिवाय डुकरांसाठी दिलेली बंदूक घेऊन सरकारी कार्यालयाच्या दारात उभं राहणं परवान्यात बसत नाही. हे सगळं मला पाठ होतं. पण नऊची एसटी गाठायची होती, आणि पुढचं पान संध्याकाळी वाचू, असं म्हणून मी पुस्तक मिटलं. एक अर्ज तेवढा ठाण्यात देऊन ठेवा, एवढं सांगितलं आणि पदर खोचून निघाले. ती संध्याकाळ आलीच नाही. म्हणजे आली, रोज येत राहिली, मीच विसरले.

आप्पांनी अर्ज दिला. ठाण्यातल्या कारकुनानं त्यावर आवक-शिक्का मारला. अर्ज मिळाला, एवढाच त्या शिक्क्याचा अर्थ. आप्पांच्या लेखी शिक्का म्हणजे मंजुरी. सैन्यात शिक्का बसलेला कागद पाळायचा असतो. त्यांनी माझ्या तोंडचं कलम सुवाच्य अक्षरात लिहून पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि गोदामाच्या गेटवर लावलं. वर मथळा दिला, 'पहाऱ्याचे आदेश'. मी येता-जाता तो पुठ्ठा पाहिला होता. तिथं मला थांबावंसं वाटलं नाही. कायद्यात लिहिलेलं असतं 'करता येईल'. आप्पांनी लिहिलं होतं 'करावे'. त्यांच्या आयुष्यात तोवर कुणी त्यांना हक्क दिलाच नव्हता, फक्त हुकूम दिले होते. त्यामुळं मी दिलेला हक्कही त्यांनी हुकूम म्हणूनच घेतला. हे मला आता समजतं. तेव्हा मी हसले होते आणि घरी येऊन चुलतीला सांगितलं होतं, आप्पांनी गोदामाची छावणी केली म्हणून.

खरं सांगायचं तर ते दिवस सुंदर होते. वाईट वाटतं असं म्हणायला, पण होते. थंडी पडलेली. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यानं सरकायची, त्यावरची गाणी एकमेकांत मिसळून जायची. गोदामाच्या गेटशी आप्पा इस्त्रीच्या कपड्यांत, छातीवर पदकांची पट्टी, खांद्यावर बंदूक. दर दोन तासांनी पहारा बदलायचा, तोही कवायतीनं. रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. कोर्टातून परतताना माझी एसटी तिथून जायची आणि मी खिडकीतून हात करायचे. आप्पा पहाऱ्यावर असले की हात करायचे नाहीत, नुसत्या भुवया उचलायचे. निवृत्तीनंतर त्यांना इतकं ताठ चालताना मी पाहिलं नव्हतं. माणसाला कुणीतरी पुन्हा उपयोगाचं म्हटलं की पाठ कशी सरळ होते, ते मी त्या दोन महिन्यांत पाहिलं.

रशीदचाचा मात्र चार दिवसांतच बंदूक घरी ठेवून आले. त्यांच्या हातात काठी होती. आप्पांनी चिडून विचारलं, तर ते म्हणाले, "आपली बंदूक डुकरासाठी हाय आप्पा, माणसासाठी न्हाय." आप्पा त्यांच्यावर दोन दिवस रुसले. मी त्या वेळी आप्पांची बाजू घेतली होती. गमतीनं घेतली होती, पण घेतली होती.

मग ती सकाळ. धुकं इतकं, की कालव्याचा भरावही दिसत नव्हता. कुणीतरी अफवा सोडली की पुढच्या फेरीसाठी निवडलेल्यांची यादी कार्यालयात लागली आहे आणि दुपारपर्यंत काढून घेणार आहेत. सांगवी, पिंपळी, सणसर, जिथून तिथून पोरं आली. शंभर असतील, दोनशे असतील. कार्यालय उघडायला अजून तास होता. गेट बंद, पोलीस यायचे होते. पोरांच्या हातात दगड नव्हते. पण धुक्यात शंभर तोंडं एकदम बोलायला लागली की दगड आहेत की नाहीत, हे आतल्या माणसाला कळत नाही. काही पोरं भिंतीवर चढली. आप्पांनी पलटणीतल्या सवयीनं तीनदा दरडावलं, थांबा म्हणून. ती थांबली नाहीत. एकानं आत उडी घेतली. आप्पांनी बंदूक वर केली आणि हवेत गोळी झाडली.

वर मोकळं आकाश नव्हतं. गेटवर पत्र्याची शेड होती आणि तिला लोखंडी तुळई. छर्रे तुळईला आपटून खाली परतले. उडी मारलेल्या पोराच्या उजव्या डोळ्यात दोन छर्रे गेले. त्यानं डोक्याला मफलर गुंडाळला होता, तो सोडल्यावर आप्पांना कळलं की हा महेश आहे. सांगवीचा महेश, सणसरला मामाकडं राहून दोन वर्षं कालव्यावर धावणारा, आप्पांच्या वहीत ज्याच्या नावापुढं सगळ्यात चांगला वेळ लिहिलेला होता तो.

रशीदचाचांनी खांद्यावरचा पंचा त्याच्या डोळ्यावर बांधला आणि एका पोराला मागं घेऊन, त्याला मोटारसायकलवर मधे बसवून दवाखान्यात नेलं. आप्पा तिथंच उभे राहिले. पोलीस आले तेव्हा त्यांनी बंदूक उघडून, रिकामं काडतूस वेगळं काढून, दोन्ही हातांनी सुपूर्द केली. पोच मागितली नाही. पुढं चुलती मला वारंवार म्हणायची, पोच न मागता आप्पांनी काही दिलं असं ती पहिलीच वेळ. महेशचा डोळा वाचला नाही.

आता मी जे सांगणार आहे ते सांगायला मला दोन वर्षं लागली आहेत. पोलिसांनी गेटवरचा पुठ्ठा जप्त केला. ठाण्यात अधिकाऱ्यांनी तो टेबलावर ठेवून आप्पांना विचारलं, हे कायद्याचं तुम्हाला कुणी सांगितलं? मी आप्पांच्या शेजारच्या खुर्चीवर होते, त्यांची वकील म्हणून. मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, "म्या वाचलं." अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारलं, पुस्तक कुठून मिळालं? आप्पा म्हणाले, बाजारातनं आणलं. आणि मी गप्प बसले. नुसती गप्प नाही, समोरच्या कागदावर काहीतरी लिहीत असल्याचं नाटक केलं. मूग गिळून बसणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं. सनद जाईल, नाव जाईल, वीस वर्षांची पत जाईल, एवढंच डोक्यात होतं. महेशचा डोळा त्या घटकेला माझ्या डोक्यात नव्हता. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

पुढं मी हळूच वकीलपत्र काढून घेतलं आणि बारामतीच्या एका जाणत्या वकिलांकडं खटला दिला. घरातल्या माणसाचं काम घरच्यानं करू नये, असं कारण दिलं. ते सगळ्यांना पटलं. चुलतीनं माझ्या हातावर हात ठेवून म्हटलं, तुझ्यामुळं एवढा मोठा वकील मिळाला. मी तो हात तसाच राहू दिला.

हंगाम गेला, उन्हाळा गेला. गोदाम पुन्हा खताचं झालं. मी एकदा धीर करून सांगवीला महेशच्या घरी गेले. तो दूध संकलन केंद्रात दुधातली फॅट मोजायला जातो. एका डोळ्यानं नळीवरचा आकडा वाचायचा, त्यासाठी मान वाकडी करावी लागते, म्हणून दूध घालणाऱ्यांना वाटतं तो खोट काढतोय. त्याच्या आईनं चहा दिला. मी आप्पांची पुतणी आहे हे त्यांना माहीत होतं, तरी दिला. महेश म्हणाला, "ताई, मला नुसती यादी बघायची व्हती. माझं वय त्याच महिन्यात संपत व्हतं." यादी लागलेलीच नव्हती. हे त्याला नंतर समजलं होतं. मी सांगायला गेले होते आणि चहा पिऊन परत आले.

शेवटी मी रशीदचाचांना गाठलं. ते टायरची ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. मी म्हटलं, चाचा, आप्पांना ते कलम मी वाचून दाखवलं होतं, आणि अर्धंच दाखवलं. त्यांनी वर न बघता सांगितलं, "ठावं हाय. म्या तितंच बसलो व्हतो की." एवढंच. त्यांनी ट्यूब फिरवली आणि पुन्हा बुडवली. त्या माणसाला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं, आणि त्यांनी कुठंही माझं नाव घेतलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी ठरवलं. बचावाची साक्षीदार म्हणून उभी राहीन. आप्पांनी शुद्ध भावनेनं, वकिलाच्या सल्ल्यावर विसंबून पहारा दिला, असं शपथेवर सांगीन. सुटका झाली नसती कदाचित, पण शिक्षा कमी झाली असती. वकिलांनी आनंदानं नाव यादीत घातलं. त्यांचा सगळा बचाव एका मुद्द्यावर उभा होता, जमाव बेकायदा होता, महेश घुसखोर होता आणि आप्पांना बचावाचा हक्क होता. मी पुढचं पान आता रोज वाचत होते. त्या पानातून वाट काढायची तर महेशला दंगलखोर ठरवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. हे मला दिसत होतं, पण मी तिकडं बघत नव्हते. आप्पांचा जीव टांगणीला लागलेला, माझाही.

ज्या दिवशी महेशची साक्ष होती, त्या दिवशी मी काळा कोट घरी ठेवून साध्या साडीत बारामतीला गेले. साक्षीदारांना आत बसू देत नाहीत, म्हणून मी बाहेरच्या बाकावर होते. शेजारी महेश येऊन बसला. मी त्याच्या उजव्या बाजूला होते, त्यामुळं त्यानं मला पाहिलं नाही. आत काय झालं ते मला मागाहून वकिलांनी सांगितलं. महेशच्या नावाचा पुकारा व्हायच्या आधीच आप्पा हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, साहेब, मला गुन्हा कबूल हाय. न्यायाधीशांनी त्यांना समजावलं, परिणाम सांगितले, वकिलांशी बोलायला तासभर वेळ दिला. तासाभरानं आप्पांनी पुन्हा तेच सांगितलं. "हक्क व्हता का न्हवता, ते तुमी बघा. गोळी माझी व्हती."

पोलीस त्यांना बाहेर घेऊन आले तेव्हा मी पुढं झाले. असं का केलंत, म्हणून विचारलं. माझा आवाज चढला होता. आप्पांनी एक पाऊल थांबून हळू सांगितलं, "आता त्या पोराला पिंजऱ्यात उभं करून दंगलखोर म्हणलं असतं. डोळा तर गेलाच हाय. त्याच्या नावाला डाग कशापायी?" मी म्हटलं, पण मी साक्ष देणार होते. ते म्हणाले, "तुझी बी सनद हाय, सुमा." आणि पोलिसांच्या पावलाशी पाऊल जुळवून निघून गेले.

वकील कागद आवरत बाहेर आले. ते दमले होते. आता तुमच्या साक्षीची गरज राहिली नाही मॅडम, निघालात तरी चालेल, असं ते म्हणाले आणि दुसऱ्या खटल्यासाठी वळले. मी पुन्हा त्याच बाकावर बसले. महेश अजून तिथंच होता. आपल्याला न बोलवता सगळं कसं संपलं, हे त्याला समजत नव्हतं. मी त्याला सांगितलं. आप्पांनी कबूल केलं ते सांगितलं, आणि मग राहिलेलंही सांगितलं. ओसरीवरची ती सकाळ, पुस्तक, एसटी, न वाचलेलं पान, ठाण्यातली खुर्ची. मला वाटत होतं, कुठल्यातरी एका माणसापुढं हे शपथेवर म्हटल्यासारखं म्हटलं म्हणजे छातीवरचं ओझं थोडं उतरेल.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग मला बघण्यासाठी मान नव्हे, अख्खं अंग वळवलं.

"मग तवाच का न्हाय बोलला, ताई?"